रुमालातली कुळं
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: जैतापूरची खाडी, पहाट. भरतीचं पाणी, मचवे, माडांची रांग.]

राजापुरावरून येणारी अर्जुना नदी इथे जैतापूरपाशी समुद्राला भेटते. याच खाडीतून एके काळी गलबतं वर राजापूरपर्यंत जायची. 1649 मध्ये इंग्रजांनी राजापुरात वखार घातली ती या पाण्याच्या भरवशावर. माल बंदरात उतरायचा, बैलांच्या पाठीवर चढायचा आणि अणुस्कुऱ्याच्या घाटाने पन्हाळा-कोल्हापूरकडे निघायचा.

ही ये-जा त्याहूनही जुनी. इथून जवळच कशेळीला कनकादित्याचं देऊळ आहे. त्या गावाचं दान 1191 मध्ये ताम्रपटावर लिहून दिलं ते पन्हाळ्याच्या शिलाहार भोजराजाने. राजा घाटावरचा, दान किनाऱ्यावरचं.

या वाटेने माणसंही आली. त्यातलंच एक घर आपण शोधणार आहोत.

[दृश्य: लाल मातीची पाखाडी. पाठीला सॅक लावलेली तरुणी चढते आहे.]

ही डोंबिवलीत वाढली. पणजोबा परळच्या गिरणीत लागले, आजोबा तिथेच निवृत्त झाले. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच तिचं गाव. यंदा ती एक प्रश्न घेऊन आली आहे: आपण मुळातले इथलेच का?

घर कुणब्याचं. घरात जुना कागद एकही नाही. देवघरात टाक आहेत, भिंतीवर आजोबांचा फोटो आहे, पत्र्याच्या ट्रंकेत रेशनकार्डं आहेत. वंशावळ मागितली तर चुलतआजोबा बोटांवर मोजतात आणि चौथ्या नावाशी थांबतात. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात.

[दृश्य: अण्णा आणि नात, मळ्याच्या बांधावर.]

"अण्णा, हा मळा आधी कोणाचा होता?"

"आपलाच गो. घाट्याचा मळा. माजा आजा पन तेच म्हनायचा."

"घाटी कोण पण?"

अण्णा हसतात. माहीत नाही.

तिने फोनवर सातबारा काढला. त्यात शेताच्या स्थानिक नावाचा एक रकाना असतो, सहसा कुणी बघत नाही. तिथे छापलेलं आहे: घाट्याचा मळा. माणूस विसरला गेला, पण शेताला चिकटलेलं त्याचं नाव सरकारी कागदापर्यंत आलं. शोध इथून सुरू झाला.

[दृश्य: शाळेचं रजिस्टर, पिवळी पानं.]

आधी सोपी कामं झाली. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात आजोबांची नोंद मिळाली. मुंबईला गावकरी मंडळाची खोली आहे, तिथल्या वर्गणीच्या वहीत पणजोबांचं नाव निघालं, पुढे चार आणे. तहसील कचेरीतल्या जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंच्या नोंदवहीत, खापरपणजोबांचा जन्म सापडला. तिथे कॅमेरा नेता आला नाही. ती नोंद मोडी लिपीत होती आणि तिच्या मागे कोतवाल बुक जात नव्हतं.

मग मागे कसं जायचं?

[दृश्य: चिरेबंदी जोतं, मोठं चौसोपी घर, निम्मं बंद.]

खोताच्या घरी.

रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावं खोतीची होती. सरकारचा सारा खोत भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा. भातशेतीत अर्धं पीक खोताचं, त्याला अर्धेल म्हणत. वर वेठ. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 मध्ये संप केला तो याच्याविरुद्ध. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं.

खोती गेली, दप्तर राहिलं. वसुलीसाठी खोताला दरसाल प्रत्येक कुळाचं नाव लिहावं लागे: कोण, कोणाचा मुलगा, कुठली जमीन, किती भात. ज्या माणसांच्या स्वतःच्या घरी कागदाचा कपटा नव्हता, त्यांची नावं पिढ्यान् पिढ्या लिहिली गेली ती इथे, या माळ्यावर. म्हणून खोताच्या घरातलं हे गाठोडं एकट्या खोताचं नाही. आख्ख्या गावाचे पूर्वज त्यात बांधलेले आहेत.

[दृश्य: शिडी. माळ्यावरचा अंधार, टॉर्चचा झोत. लाल कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, म्हणजेच रुमाल.]

घरात आता एकट्या काकी असतात. त्यांनी अडवलं नाही.

"वर आहेत बघा रुमाल. काय कामाचे असले तर न्या खाली. गेल्या पावसात दोन वाळवीने खाल्लेले निघाले, ते मी न्हाणीच्या चुलीत घातले."

त्या दोन रुमालांत कोणाची नावं होती, ते आता कोणालाच कळणार नाही. काकींचा यात काही दोष नाही. त्या कागदांत काय आहे हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

[दृश्य: ओटीवर चटई. गाठ सुटते. क्लोज-अप: कागदाच्या कडा, कसरीने पाडलेली भोकं.]

हे सर निवृत्त शिक्षक. मोडी शिकले ते निवृत्तीनंतर, पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात. त्यांचे हात बघा. रुमालाची गाठ ओढत नाहीत, सैल करत नेतात. वरचा कागद लगेच उचलत नाहीत. आधी मऊ ब्रशने धूळ कडेला सारतात. चिकटलेली पानं तशीच बाजूला ठेवतात, नखाने सोडवत नाहीत.

आता अक्षर बघू.

मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि मग अक्षरं तिच्याखाली लटकवत जातो. हात उचलायचा नाही, शब्द तोडायचा नाही. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचं. वेलांटी एकच, उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. बोरूने लिहिलेला पेशवाईतला कागद डौलदार असतो. पुढे टाक, म्हणजे शाईत बुडवायची निबाची लेखणी आली, कचेरीची घाई आली आणि अक्षर गिचमिड झालं. त्यामुळे नवा कागद जुन्यापेक्षा सोपा असेल या आशेवर राहू नये.

[दृश्य: सरांचं बोट ओळीवरून सरकतं.]

हा सगळ्यात जुना कागद. सर तारीख वाचतात: "सुहूर सन इसन्ने सबैन मया व अलफ." हे अरबी आकडे आहेत, आधी एकं, मग दहं. दोन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे 1172. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे. कागद 1771-72 चा, थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या दिवसांतला.

मजकूर एका वाटणीचा आहे. आपल्या शोधाशी त्याचा संबंध नाही, तरी इथे थांबू, कारण खाली हे आहे.

[दृश्य: क्लोज-अप: कागदाच्या तळाशी शाईने काढलेलं लहानसं वर्तुळ.]

"निशाणी बांगडी." लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगर काढायचा, बाई बांगडी काढायची. शेजारी तिचं नाव आहे आणि पुढे "कोम", म्हणजे अमक्याची बायको. वंशावळीत बायका नसतात. मूळ पुरुषापासून खाली सगळे बाप आणि मुलगे. बाई भेटते ती अशी, वाटणीत, गहाणात, विधवेच्या तक्रारीत. या बाईने अडीचशे वर्षांपूर्वी बोरू हातात धरला आणि हे वर्तुळ काढलं. ते पुरतं मिटलेलं नाही.

[दृश्य: दुसरा रुमाल. लांबट वही, दोऱ्याने शिवलेली.]

आणि ही हवी ती वही. कुळवार वसूल, शके 1763, प्लवनाम संवत्सर. शकात 78 मिळवले की 1841. सर संवत्सरही पंचांगावरून ताडून बघतात. शक आणि संवत्सर जुळले म्हणजे साल वाचण्यात चूक नाही.

आता मोठी अडचण. या वहीत धोंडू किती आणि सोनू किती! मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव धोंडू ठेवायचे. नातवाला आजोबाचं नाव द्यायचे. त्यामुळे धोंडू बिन सोनू, म्हणजे सोनूचा मुलगा धोंडू, त्याचा मुलगा सोनू बिन धोंडू, त्याचा पुन्हा धोंडू बिन सोनू. कुणब्याला आडनाव लिहिलेलं नाही. आपला धोंडू यातला कोणता?

सरांनी वाट काढली. म्हणाले, नाव सोडा, शेत धरा.

माणसं बदलतात, नावं फिरून येतात, पण मळा जागच्या जागी असतो. म्हणून दोघांनी मिळून उलटा प्रवास केला. कोतवाल बुकातल्या माणसाच्या काळातली वही घेतली, घाट्याचा मळा कोणाच्या नावावर ते लिहिलं. त्याच्या आधीची वही घेतली, तोच मळा, बापाचं नाव. त्याच्याही आधीची. मधल्या काही वह्या नाहीत, पण मळ्याचं भात जवळपास तेवढंच राहतं, खंडीला मण-दोन मण इकडेतिकडे, त्यामुळे धागा तुटत नाही. पानं उलटताना तिने स्वतःच्या वहीच्या मागे आकडे मांडले होते, ते स्क्रीनवर दिसतायत.

[दृश्य: दुपार. ओटीवर ऊन सरकलंय. सर चष्मा पुसतात, पुन्हा वाकतात.]

शके 1763 च्या वहीत त्या मळ्याला नाव नाही. नुसतं "मळा, नदीकाठ". पुढे कुळाचं नाव, बापाचं नाव आणि मग दोन शब्द, जे बाकी कुठल्याही कुळापुढे नाहीत.

"उपरी. घाट."

उपरी म्हणजे वतनाचं नसलेलं, बाहेरून येऊन जमीन करणारं कूळ. त्याच ओळीत शेवटी घाटावरच्या एका गावाचं नाव आहे. सरांनी ते मोठ्याने वाचलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं.

[दृश्य: तिचा चेहरा. अण्णांना फोन लावते. निवेदन नाही. 25 सेकंद.]

[दृश्य: अणुस्कुरा घाट, पावसाळी ढग, दरीतली जुनी पाऊलवाट.]

घाट चढून आम्ही शाहूवाडी तालुक्यातल्या त्या गावी गेलो. तिथे तिच्याच आडनावाचं एक घर आहे, कुलदैवत तेच, जोतिबा. मधल्या पिढ्या अजून जुळलेल्या नाहीत, आणि त्या जुळेपर्यंत दोन्ही घरं एक आहेत असं कोणीही म्हणत नाही. चहा मात्र झाला, फोन नंबर घेतले गेले.

[दृश्य: परत ओटीवर. आता बरीच माणसं.]

ही बातमी वाडीत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या रविवारी खोताच्या ओटीवर बघा किती जण. कोणी सातबारा घेऊन आलंय, कोणी शाळेचा दाखला. "सर, आमच्या कोंडाचं पण बघा."

बौद्धवाडीतूनही मुलं आली आहेत. त्यांचं काम जास्त अवघड आहे. त्यांचे पूर्वज कुळांच्या यादीत कमी आणि गावकामगारांच्या हक्कांच्या यादीत जास्त सापडतात, आणि तिथे बहुतेक जागी नुसतं नाव असतं, बापाचं नाव लिहिलेलं नसतं. पुढे धरायला शेतही नसतं. अशा नावांसाठी एक वही पुरत नाही. ओळीने सगळ्या वह्या लागतात, आणि म्हणून एकेक रुमाल जपला पाहिजे. चुलीत गेलेल्या दोन रुमालांची किंमत सगळ्यात जास्त या मुलांनी मोजली आहे.

[दृश्य: रुमालांची रांग, त्यावर खडूने क्रमांक.]

पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात नीट ठेवलेलं आहे. गावोगावच्या माळ्यांवरचं हे दप्तर कोणाच्या यादीत नाही. पन्नासच्या दशकात शाळांतून मोडी गेली, आणि ज्यांना ती लहानपणापासून येत होती ती पिढी आता संपत आली. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणारे कुठे मिळतात याची कचेऱ्यांना धावाधाव करावी लागली. 2014 पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा आहे, फोनवर मोडी उमटते. पण ही गिचमिड वाचायला डोळे तयार व्हावे लागतात, आणि त्याला सरावाशिवाय दुसरा उपाय नाही. ती डोंबिवलीची मुलगी आता मोडीच्या वर्गाला जाते.

[दृश्य: तरुणी फोनने पानांचे फोटो काढते. खिडकीचा उजेड.]

तुमच्या घरी, मामाच्या घरी, गावच्या बंद घराच्या माळ्यावर असा रुमाल असेल तर तो पावसाच्या आधी खाली काढा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आत दमट राहिलं की कागद कुजतो. धुतलेल्या सुती कापडात बांधा. खिडकीपाशी, फ्लॅश न वापरता, पानाच्या बरोबर वर फोन धरून एकेका पानाचा फोटो घ्या, कोरं वाटणारं पानही सोडू नका, पाठीमागे बऱ्याचदा नावं असतात. पानांचा क्रम आहे तोच ठेवा. आणि फोटोंची एक प्रत गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात द्या, म्हणजे ज्यांची नावं आत आहेत त्यांना खोताच्या ओटीवर यावं लागणार नाही.