भाड्याच्या बर्फावरची हॉकी

मंडळी, आजचा विषय बर्फाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॉलेजांची आइस हॉकी थंडीमुळे नव्हे, तर बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांमुळे वाढली, हे माझं म्हणणं. पण त्या काळचा गाजलेला कॉलेज हॉकीपटू होबी बेकर, त्याचं नाव न घेता पुढे गेलो, तर पहिल्या रांगेतली जाणकार मंडळी नंतर मला चहालाही विचारणार नाहीत.

तर बेकर. जन्म 1892, पेनसिल्व्हेनियातला. न्यू हॅम्पशायरमधल्या सेंट पॉल्स शाळेत तो तयार झाला. अंधार पडल्यावर गोठलेल्या तळ्यावर एकटाच पक, म्हणजे या खेळातली चेंडूऐवजीची चपटी चकती, खेळवत राहायचा, म्हणजे खाली न बघता तो काठीवर ठेवता यावा, असं सांगतात. 1910 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात आला आणि पुढे अमेरिकन फुटबॉल आणि हॉकी, दोन्ही संघांचा कप्तान झाला. हॉकीत त्याची जागा रोव्हरची. ही जागा आता उरली नाही. तेव्हा एका बाजूला सात जण असत आणि रोव्हर बचावालाही धावे, चढाईलाही. दुखापत झाल्याशिवाय बदली खेळाडू नाही. आणि पक पुढे पास करायला मनाई! बाजूला द्या, मागे द्या, नाहीतर स्वतः घेऊन जा. बेकर स्वतः घेऊन जायचा. आपल्याच गोलामागून फेरी मारत वेग घ्यायचा आणि मग सगळं मैदान कापत सुटायचा. त्या नियमाखाली असा एक माणूस म्हणजे अर्धा संघ होता.

साहजिकच समोरचे त्याच्यावर तुटून पडत. तरी कॉलेजच्या सगळ्या कारकिर्दीत पंचांनी त्याला शिक्षा केली ती एकदाच. सामना संपला की, हरो वा जिंको, प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाऊन हात मिळवायचा. मला हा माणूस त्याच्या गोलांपेक्षा यासाठी जास्त प्रिय आहे. पुढे महायुद्धात तो वैमानिक झाला. युद्ध संपलं, घरी परतायचा हुकूम हाती आला, आणि 21 डिसेंबर 1918 ला फ्रान्समध्ये तूलजवळ, दुरुस्त झालेलं एक विमान तपासायला वर गेला असताना ते कोसळलं आणि तो गेला. सव्वीस वर्षांचा होता हो! कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूला 1981 पासून त्याच्या नावाचा पुरस्कार देतात.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. आवरतो. पण मुद्दा आता कुठे येतोय.

माझी तक्रार अशी, की ही गोष्ट सगळे सांगतात, पण तो खेळला कुणाच्या बर्फावर हे कुणी विचारत नाही. प्रिन्स्टनकडे रिंक, म्हणजे बर्फाचं बांधीव मैदानच नव्हतं! कार्नेगी तलाव गोठला तर सराव, नाही गोठला तर नाही. ‘घरचे’ सामने होत न्यू यॉर्कच्या सेंट निकोलस रिंकवर. तो 1896 मध्ये सुरू झालेला. जमिनीखाली नळ्या, नळ्यांतून अमोनिया यंत्राने गार केलेलं खारं पाणी, वर बर्फ. बाल्टिमोर हे काही बर्फाचं गाव नव्हे, पण तिथे 1894 मध्येच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची मुलं अशा बर्फावर खेळली. उलट 1898 मध्ये हार्वर्डने ब्राउन विद्यापीठाकडून 0-6 असा मार खाल्ला तो बॉस्टनच्या उघड्या, नैसर्गिक बर्फावर. ऊन पडलं की असे सामने रद्द.

यंत्र आलं आणि तारीख पक्की करता आली, तिकीट विकता आलं, शहरातली पैसेवाली माणसं संध्याकाळी येऊन बसू लागली. 1910 मध्ये यंत्राच्या बर्फाचं बॉस्टन अरीना उघडलं आणि हार्वर्डचीही सोय झाली. बेकरचं नाव न्यू यॉर्कभर झालं, कारण तो न्यू यॉर्कमध्ये दिसत होता. गावातल्या तळ्यावर तो तितकाच चांगला खेळला असता, पण पाहिलं असतं कुणी? प्रिन्स्टनला स्वतःचा रिंक मिळाला तो 1923 मध्ये, त्याच्याच नावाने, आणि त्यासाठी हार्वर्डवाल्यांनीही पैसे दिले.

डार्टमथसारख्या उत्तरेकडच्या कॉलेजांचं काय, हे राहिलं. त्यांच्याकडे थंडी भरपूर, पण मोठं शहर दूर. ते प्रश्नोत्तरांत घेऊ या.