जंत पडतो कसा?

[दृश्य: थर्मास उघडतो, चिमट्याने जंत बाहेर]

सकाळीच कत्तलखान्यातून आलेला हा थर्मास. आत कोमट क्षारपाणी, आणि डुकराच्या आतड्यातून काढलेले गोलकृमी. नाव आस्कॅरिस सूम. मादी चांगली वीतभर, दुधी-गुलाबी. माणसाच्या पोटातला मोठा जंत हा याचा अगदी जवळचा भाऊबंद. वास कॅमेऱ्यात येत नाही, ते बरंच.

याची वळवळ बघा. याला आकडे नाहीत, आतड्याला धरून बसायची सोय नाही. आतडं सतत पुढे ढकलत असतं आणि हा त्या लोंढ्याविरुद्ध पोहत जागेवर टिकतो. वळवळ थांबली की मुक्काम संपला.

[दृश्य: उभा चिरलेला जंत, सूक्ष्मदर्शकातून]

ह्या फुगीर पोटल्या म्हणजे स्नायूपेशी. प्रत्येकीतून निघालेला बारीक धागा कुठे जातो ते पाहा. थेट मधल्या नसेपर्यंत. आपल्या शरीरात नस स्नायूकडे जाते. इथे गंगा उलटी वाहते. स्नायूच हात लांब करून नसेच्या दारात निरोप घ्यायला जातो. आणि पोटली इतकी ऐसपैस, की तिच्यात काचेची सुई टोचून आतला विद्युतदाब मोजता येतो.

१९६३-६४च्या सुमारास पोर्टो रिकोत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होसे देल कास्तियो आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. देल कास्तियो त्याआधी लंडनमध्ये बर्नार्ड कॅट्झ यांच्याबरोबर बेडकाच्या स्नायूवर काम करून आले होते. बेडूक सोडून जंत! ‘याचा उपयोग काय’ असं विचारणारे तेव्हाही असतीलच. आज तर संशोधनाला पैसे मागायला गेलं की पहिला प्रश्न हाच. देल कास्तियोंना जंताच्या नसेतले दोन रासायनिक निरोप उलगडले. ॲसिटिलकोलीन सांगतं, आखड. गाबा सांगतं, सैल हो. पाठ आखडते तेव्हा पोटाची बाजू सैल, मग उलट. ही झाली वळवळ.

[दृश्य: काचेच्या कुंडात टांगलेली स्नायूपट्टी, पडद्यावर रेघ]

निरोप घेणारं प्रथिन म्हणजे ग्राही, रिसेप्टर. पाच तुकडे गोलाकार बसलेले, मधे मिटलेलं भोक. ॲसिटिलकोलीन चिकटलं की भोक उघडतं, सोडियम आत शिरतं, स्नायू आखडतो. लगेच एक विकर, म्हणजे एन्झाइम, ॲसिटिलकोलीनचे तुकडे करतं आणि भोक मिटतं. या जातीचे ग्राही तंबाखूतल्या निकोटीननेही उघडतात, म्हणून त्यांना निकोटिनिक म्हणतात.

आता लेव्हामिसोल, जंतावरचं औषध. थेंब पडला.

[थोडा वेळ शांतता, फक्त रेघ]

रेघ चढली, म्हणजे स्नायू आखडला. आणि उतरत नाही. लेव्हामिसोल त्याच ग्राहीला चिकटतं, पण त्या विकराला ते तोडता येत नाही. पट्टी ताठ. पायरँटेल या दुसऱ्या औषधाचीही हीच तऱ्हा, आणि आस्कॅरिसच्या स्नायूवर त्याचा जोर ॲसिटिलकोलीनच्या शंभरपटीहून अधिक.

शेजारच्या कुंडात पिपराझिन टाकलंय. तिथली रेघ खाली बसली. हे औषध गाबाची नक्कल करतं. गाबाचा ग्राही उघडतो, क्लोराइड आत येतं, स्नायू लुळा पडतो. म्हणून पायरँटेल आणि पिपराझिन एका वेळी देत नाहीत. एक ताणतं, दुसरं सोडतं, आणि जंत मधल्यामधे सुटतो.

ताठ झाला काय, लुळा पडला काय, पोहणं बंद. उरलेलं काम आतडंच करतं. औषध दिल्यावर घरोघरी विचारतात, ‘जंत पडले का?’ मेले का, असं कुणी विचारत नाही. शब्द अगदी नेमका आहे.

१० फेब्रुवारीला शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मात्र या घराण्यातली नाही. ती जंताच्या पेशींचा आतला सांगाडा मोडते, सावकाश.

मेंढ्यांच्या पोटातल्या हिमोंकस जंतावर लेव्हामिसोल कित्येक ठिकाणी चालेनासं झालंय. त्याच्या ग्राहीची घडणच बदलली.

[दृश्य: तोटी सोडतात, कुंडातलं पाणी बदलतं]

औषध धुतलं जातंय. ताजं, कोमट पाणी.

[दृश्य: रेघ उतरू लागते, पट्टीचा जवळून शॉट]

हलली.