खिडकी नवी, भिंत काळी

मंडळी, खिडकी बदलायची म्हटली की सगळे काचेबद्दल विचारतात. मी आधी हवेबद्दल बोलणार आहे.

काँक्रीटचे तयार पॅनेल जोडून उभारलेल्या जुन्या इमारतींत बहुधा स्वयंपाकघरातून आणि न्हाणीघरातून हवेची एक उभी नळी छतापर्यंत जाते. पंखा वगैरे काही नाही. आतली उबदार हवा हलकी, ती आपोआप वर चढते. पण तिच्या जागी बाहेरची हवा यायची कुठून? लाकडी खिडकीच्या फटींतून! ज्या फटी आपण दर हिवाळ्यात शिव्या घालत कापूस कोंबून बुजवल्या, त्याच घराचं नाक होत्या.

तिथे यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची, नवी खिडकी येते, रबरी पट्ट्यांवर घट्ट मिटते. थंडी पडली की काचेच्या खालच्या कडेला पाणी, मग कोपऱ्यात काळी बुरशी. लोक म्हणतात, माल खराब निघाला. माल उत्तम आहे हो, घराचा श्वास कोंडलाय. खोलीत 20 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रता असली, तर साधारण 9 अंशांच्या पृष्ठभागावर दव धरतं. बुरशी तर तेवढंही थांबत नाही. भिंतीलगतची आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास टिकली की तिचं भागतं. पॅनेलांचे सांधे आणि खिडकीच्या बाजूची भिंत थंडच असते, त्यामुळे सुरुवात तिथून.

म्हणून ऑर्डर देण्याआधी खिडकी जराशी उघडून नळीच्या जाळीवर कागदाचा कपटा धरा. चिकटला तर ठीक, गळून पडला तर आधी नळी साफ करून घ्या. आणि नव्या चौकटीत हवेसाठी झरोका मागा.

काचेचं थोडक्यात. उष्णता रोखणारा अदृश्य थर आणि आत आर्गॉन वायू असलेली दुपदरी काच साध्या दुपदरीच्या निम्म्याहून कमी उष्णता बाहेर जाऊ देते. तिपदरीचा मोह होतो, पण 4 मिलिमीटरचा एकेक पदर चौरस मीटरला 10 किलो भरतो आणि तो भार बिजागऱ्यांवर येतो. रस्त्याचा आवाज छळत असेल तर दोन पदर वेगवेगळ्या जाडीचे घ्या, 6 आणि 4.

खरी गडबड बसवताना होते. पॅनेल तीन थरांचा असेल, तर चौकट मधल्या उष्णतारोधक थराच्या रेषेत हवी. फार बाहेर सरकली की कडा गारठतात. भोवतीचा फोम उघडा ठेवू देऊ नका, उन्हाने त्याचा भुगा होतो. आतून वाफ अडवणारी पट्टी लागते. बाहेरून पाऊस अडवणारी, पण वाफ सोडणारी.

मागून कुणीतरी विचारतंय, जुनीच दुरुस्त केली तर? लाकूड सुईने टोचून बघा. सुई रुतत नसेल, तर पल्ले नीट बसवून पट्ट्या लावा आणि वरची एक फट मोकळी सोडा.