ब्राझीलिया : निकालानंतरची जुळवाजुळव

ब्राझीलिया, ब्राझीलची राजधानी. संसदेच्या जुळ्या मनोऱ्यांच्या एका अंगाला उपडी वाटी, दुसऱ्या अंगाला उताणी. उपडीखाली ८१ जणांचं सिनेट, उताणीखाली ५१३ जणांचं प्रतिनिधीगृह. राष्ट्राध्यक्षाला जनता थेट निवडते, पण त्याचे कायदे मंजूर होतात ते इथंच.

३० ऑक्टोबर २०२२. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी, अंतिम फेरी. लुला दा सिल्वा ५०.९ टक्के मतं घेऊन जेमतेम जिंकले. त्यांच्या कामगार पक्षाला प्रतिनिधीगृहात सत्तर जागाही नव्हत्या. इथं अख्खं राज्य हा एकच मतदारसंघ असतो आणि जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, म्हणून सभागृहात ढीगभर पक्ष पोचतात. १९८९ पासून थेट निवडून आलेल्या एकाही राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाला स्वबळावर बहुमत मिळालेलं नाही.

मग मंत्रिपदांचं वाटप सुरू होतं. लुलांनी ३७ मंत्री नेमले. पहिल्या फेरीत त्यांच्याविरुद्ध लढून तिसऱ्या आलेल्या सिमोन तेबेत यांना नियोजन खातं मिळालं. तेवढ्यानं भागलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रीडामंत्री आना मोझेर यांना जावं लागलं. अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्राझीलसाठी कांस्यपदक जिंकलेली ही व्हॉलीबॉलपटू! त्यांची खुर्ची मिळाली ती आदल्याच वर्षी लुलांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्या आघाडीत असलेल्या पक्षाच्या खासदाराला. मतांसाठी जाणत्या माणसाचा असा बळी जावा, हे मनाला लागतं.

पण राष्ट्राध्यक्षाची भीतीही समजून घ्यायला हवी. आपल्याकडे बहुमत गेलं की सरकार पडतं. तिथं अविश्वास ठराव नाही. राष्ट्राध्यक्ष पदावर राहतो, फक्त एकटा पडतो. मार्च २०१६ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ यांची साथ सर्वांत मोठ्या मित्रपक्षानं सोडली. अर्थसंकल्पातल्या गैरव्यवहाराचा ठपका आधीच होता. महाभियोग पुढे न्यायला प्रतिनिधीगृहात ३४२ मतं लागत होती. १७ एप्रिलला ३६७ पडली. ऑगस्टअखेर सिनेटनं त्यांना पदावरून दूर केलं आणि राष्ट्राध्यक्ष झाले त्यांचेच उपराष्ट्राध्यक्ष मिशेल तेमेर, साथ सोडलेल्या त्याच पक्षाचे.

आता तर मंत्रिपद देऊनही मतांची खात्री उरलेली नाही. २०१५ च्या घटनादुरुस्तीनं खासदारांनी सुचवलेल्या कामांवर ठरावीक निधी खर्च करणं सरकारला बंधनकारक झालं, त्यामुळे खासदारांना राष्ट्राध्यक्षाची गरज कमी भासते. जून २०२५ मध्ये वित्तीय व्यवहारांवरचा कर वाढवणारा लुलांचा आदेश प्रतिनिधीगृहानं ३८३ विरुद्ध ९८ मतांनी रद्द ठरवला. त्या ३८३ मध्ये लुलांच्या मंत्रिमंडळात बसलेल्या पक्षांचे खासदारही होते.