ढिम्म

नमस्कार श्रोतेहो. आज शब्द घेतलाय ‘ढिम्म’.

न हलण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता हुतात्म्यांसाठी आपण दोन मिनिटं उभे राहतो, ते स्तब्ध. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईच्या लोकल बंद पडल्या, त्या ठप्प. ढिम्मची तऱ्हाच वेगळी. ढिम्म व्हायला समोर कुणीतरी हलवणारा लागतो. पुन्हा सांगतो, हलवणारा लागतो.

भोरच्या रस्त्यावर एकदा आमची एसटी थांबली. पावसाची भुरभुर, आणि ऐन वळणावर म्हैस बसलेली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. म्हैस ढिम्म. (हॉर्नबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याला ब्रेक मारायचा कंटाळा, तो हॉर्न मारतो. असो.) कंडक्टर उतरले, ‘हैक हैक’ केलं, शेपटी पिरगाळली. म्हशीने एक कान हलवला, तोही माशी बसली म्हणून. मग उतारू सरसावले. एकाने शिंगं धरली, दोघांनी मागून रेटा दिला, आणि एक गृहस्थ छत्रीखालून नुसत्या सूचना देत राहिले. रवंथ चालूच! तेवढ्यात वरच्या घरातून एक आजी आल्या. बोलल्या काहीच नाहीत, फक्त बादलीची कडी वाजवली. आंबोणाची बादली ती. म्हैस मागच्या पायांवर अशी झटक्यात उठली की रेटा देणारे दोघे थेट चिखलात. आजी म्हणाल्या, ‘‘तिला रोज याच येळेला घालते. तुमचीच गाडी आज लवकर आली.’’ एसटी आणि लवकर! सगळी गाडी हसली.

तर बघा, कान हलत होता, जबडा हलत होता, तरी म्हैस ढिम्मच. म्हणून झोपलेल्या बाळाला कुणी ढिम्म म्हणत नाही. दहा हाका मारूनही मोबाइलमधून मान वर न काढणारे चिरंजीव मात्र ढिम्म. वर्तमानपत्रात ‘प्रशासन ढिम्म’ छापून येतं तेही निवेदनं, मोर्चे, उपोषण सगळं झाल्यावर. पहिल्या अर्जाला नाही.

वेळ संपत आली. काठावर उभ्या असलेल्या ‘तटस्थ’कडे पुढच्या वेळी वळू. नमस्कार.