तळाला गेलेला तुकडा

(दृश्य : पहाट. मटणाच्या दुकानामागे पाण्यानं भरलेली बादली.)

बोकडाच्या फुफ्फुसाचा हा तुकडा पाण्यात टाकला, तरंगला. आता दुसऱ्या बोकडाचा. सरळ तळाला गेला.

निरोगी फुफ्फुस हवेनं भरलेलं, दाबलं की स्पंजासारखं दबणारं. न्यूमोनिया झाला की हवेच्या जागी पू आणि पाणी साचतं. हाताला ते कलेजीसारखं घट्ट लागतं.

(दृश्य : धुळे जिल्ह्यातला आठवडे बाजार.)

"हाऊ बोकड खोकलस का रे भो?"

"नही रे भो, धूय लागनी त्याले."

खान्देशात धूळ नेहमीचीच, त्यामुळे हे उत्तर सहसा पचतं. पण पाश्चुरेला, मॅनहायमिया हे जिवाणू धडधाकट शेळ्या-मेंढ्यांच्याही नाका-घशात मुक्कामाला असतात, गपगुमान. मग बाजार होतो. टेम्पोत दाटीवाटी, डोक्यावर उन्हाळा, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. ताणानं जनावराची प्रतिकारशक्ती ढासळते, नाकातला पाहुणा फुफ्फुसात उतरतो. म्हशीला घटसर्प होतो तोही पाश्चुरेलामुळेच. त्याची लस पावसाळ्याआधी टोचतात, हे इथल्या गोठ्यांना ठाऊक आहे. बोकडाच्या खोकल्याकडे मात्र कोण बघतं?

(दृश्य : सुरी. फक्त हात दिसतात.)

गळ्यावर सुरी फिरते तेव्हा श्वासनलिकाही कापली जाते. शेवटच्या धापेसरशी रक्त आत ओढलं जातं, कधी पोटातला चोथाही. म्हणून निरोगी जनावराच्या फुफ्फुसातही ई. कोलाय, म्हणजे आतड्यातला जिवाणू, सापडू शकतो. तरंगलं म्हणजे निर्जंतुक, असं नाही. त्यात सुरी तीच, फडकं तेच, आणि पुढे मांडीचं मटणही त्याच लाकडी ठोकळ्यावर.

कत्तलखान्यांसाठी 2001 चे केंद्राचे नियम आहेत. पशुवैद्यकानं तासाला 12 पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत, म्हणजे एकेकाला निदान पाच मिनिटं. तपासणीनंतर जनावराला 24 तास विसावा. इथला बोकड काल संध्याकाळी टेम्पोतून उतरला.

(दृश्य : दुकानासमोर रविवारची रांग.)

"वजडीसंगे थोडं फुफ्फुस बी टाकजो रे भो."

दुकानदार बादलीकडे वळतो. तरंगणारा तुकडा उचलतो, क्षणभर थांबतो, मग बाहीनं कपाळ पुसून तळात हात घालतो आणि दुसरा तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकतो.

हात धुवायचे राहतात.