मांडी घालता येईल अशी खुर्ची

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आपल्या गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या नव्या घरांत हल्ली हॉलच्या कोपऱ्यात एक देखणी आरामखुर्ची दिसते. गोलसर, फुगीर, एखाद्या शिल्पासारखी. पाहुणे तिचं कौतुक करतात, फोटो काढतात आणि बसायला सोफ्याकडे जातात. हे पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. कुणीतरी त्या आकारावर कष्ट घेतलेले असतात, घरमालकानेही भरपूर पैसे मोजलेले असतात. फक्त आकार ठरवताना बसणारा माणूस समोर नव्हता.

शिल्पासारखी खुर्ची म्हणजे गैरसोयीची, असं मात्र मुळीच नाही. डॅनिश वास्तुविशारद आर्ने जेकबसनची ‘एग’ खुर्ची बघा. १९५८ मध्ये त्याने ती कोपनहेगनच्या एसएएस रॉयल हॉटेलसाठी केली. आपल्या गॅरेजमध्ये मातीत हाताने घडवत त्याने तो आकार शोधला. दोन्ही बाजूंनी पुढे आलेली ती उंच पाठ नुसती शोभेची नाही. गजबजलेल्या लॉबीत बसलेल्या माणसाला ती आडोसा देते, बाजूच्या नजरा अडवते. त्याच्या दहा वर्षं आधी, १९४८ मध्ये, अमेरिकेतला वास्तुविशारद एरो सारिनेनची ‘वूम’ खुर्ची आली. ‘नोल’ या फर्निचर कंपनीच्या फ्लॉरेन्स नोलने त्याच्याकडे मागणी केली होती ती पाय वर घेऊन, अंग चोरून बसता येईल अशा खुर्चीची. एवढं मोठं फायबरग्लासचं कवच बनवायला त्यांना न्यू जर्सीतल्या बोटी बांधणाऱ्या कारागिराला गाठावं लागलं. आकार इतका धाडसी झाला, त्याच्या मुळाशी एका बाईची बसण्याची सवय होती.

मग आपली सवय कोणती? आपण मांडी घालतो. एक पाय वर, एक खाली सोडून बसतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांत गादी, लोड, तक्के असायचे, माजघरात झोपाळा असायचा, आणि तासाभरात माणूस पाच वेळा बसण्याची तऱ्हा बदलायचा. सुख त्या बदलण्यातच आहे, कारण एकाच जागी दाब राहिला की कितीही मऊ बैठक टोचायला लागते. म्हणून मी खुर्ची काढायला घेतो तेव्हा आधी खुर्चीच्या दोन हातांमधलं अंतर ठरवतो. आतून साठ-पासष्ट सेंटिमीटर तरी हवंच. मांडीचे गुडघे हातांच्या खाली शिरतील अशी पोकळी ठेवता आली, तर बाहेरून खुर्ची आटोपशीर राहते आणि आत ऐसपैस होते. माझ्या मते भारतीय आरामखुर्चीचं शिल्प या पोकळीपासून सुरू व्हायला हवं.

उंची आणि खोली यांत सगळ्यात जास्त गफलत होते. परदेशी मासिकातली खुर्ची मापासकट उचलली, की आपल्याकडच्या बुटक्या बाईचे पाय लोंबकळतात आणि बैठकीची कड गुडघ्यामागे रुतते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीयांच्या शरीरमापांचं संकलन प्रसिद्ध केलं. ते हाताशी असताना अंदाजाने मापं घेण्याचं कारण नाही. माणूस बसल्यावर पुढची कड चाळीस सेंटिमीटरच्या आसपास, खोली पन्नास, बैठक मागे थोडी उतरती, आणि कडेचा फोम पुढे गोल वळवून खाली घेतलेला. उंच माणसासाठी पाठीची उशी काढता आली पाहिजे. हातांची टोकं बैठकीच्या कडेपर्यंत आणा, कारण आजी-आजोबा उठतात ते त्या टोकांवर जोर देऊन. खोलगट, जमिनीलगतच्या खुर्चीतून त्यांना कुणीतरी ओढून काढावं लागत असेल, तर ती त्यांच्यासाठी खुर्चीच नव्हे.

आकार मी शाडूत करतो. गणपतीसाठी नाशकात शाडू सहज मिळते. एकास पाच मापाचं मॉडेल हातात फिरवलं की स्क्रीनवर न दिसलेलं दिसतं, विशेषतः पाठीमागची बाजू. मग प्लाय आणि फोमचा पूर्ण मापाचा कच्चा सांगाडा, आणि त्यावर वेगवेगळ्या अंगकाठीची माणसं, अर्धा अर्धा तास.

आता कापड. बाहेर फुगलेल्या भागावर कापड ताणलं की छान बसतं. पण पाठ जिथे हाताला मिळते त्या खळग्यात, जितकं ताणाल तितकं ते वर उचलतं आणि खाली पोकळ राहतं. तिथे ते फोमला चिकटवावं तरी लागतं, किंवा शिवण घेऊन आत ओढावं लागतं. चिकटवणं सोपं, पण एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीशी ठेवलेल्या खुर्चीचा डिंक सैल व्हायला लागतो. मी शिवण घेतो. आणि शिवण घ्यायचीच, तर ती आकाराच्या वळणावरूनच जावी. कारागीर खडूने ती रेषा कच्च्या कापडावर आखतो, चार पावलं मागे जाऊन बघतो, पुसतो, बोटभर खाली घेतो. त्या बोटभर अंतराने खुर्चीचा खांदा उतरलेला दिसतो किंवा सावरलेला. हा माणूस डिझायनरच आहे, त्याला पहिल्या दिवसापासून कामात घ्या.

फोमबद्दल थोडक्यात. दुकानात ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणजे कडक फोम, असं सांगतात. घनता म्हणजे एका घनमीटरचं वजन किती किलो, आणि तिच्यावर टिकाऊपणा ठरतो. कडकपणा वेगळा मोजतात. बैठकीत चांगल्या घनतेचा घट्ट थर खाली, मऊ थर वर. नुसता मऊ फोम भरला की कंबर मागे कलते, पाठ गोल होते, आणि वीस मिनिटांत माणूस उठतो.

पैसे कुठे घालायचे, असं विचाराल तर सांगाडा, बैठकीखाली ताणलेले पट्टे आणि फोम यांत घाला. कापड दहा वर्षांनी बदलता येतं. तळाचं कापड उघडता येईल असं बांधून घ्या, म्हणजे सैल झालेले पट्टे नाशकातला कुठलाही चांगला मिस्त्री बदलून देईल. आणि अशी खुर्ची भिंतीला चिकटवू नका, दोन फूट पुढे ओढा.

इथे मंचाच्या बाजूला एक उघडा सांगाडा आणलाय, अर्ध्या भागावर कापड आहे, अर्ध्यावर नाही. या, चपला काढून मांडी घालून बसा, आणि कुठे टोचतंय ते मला सांगा.